टाकळा, केसाळ टाकळा, कासुंदा: पिवळ्या फुलांची ही भावंडं वेगळी कशी ओळखायची

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात, गावठाणाच्या उकिरड्यावर हिरवी रोपं दाटीनं उगवतात. कोकणात त्यांना टाकळा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा किंवा तरवटा, आणि गोव्यात तायकिळो. ऑगस्टमध्ये पिवळी फुलं आली की रानफुलं पाहायला नव्यानं बाहेर पडलेला माणूस फोटो काढतो, नाव विचारतो आणि तीन जणांकडून तीन उत्तरं ऐकतो. तिघेही एका अर्थानं बरोबर असू शकतात. एकाच बांधावर टाकळा, त्याचा अमेरिकेतून आलेला केसाळ भाऊ आणि कासुंदा असे तिघं खांद्याला खांदा लावून उभे असलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत. तिघांनाही पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, तिघांचीही पानं पिसासारखी, आणि पान चुरगाळलं तर कमी-अधिक उग्र वास.

हा लेख त्यांना वेगळं ओळखायला शिकणाऱ्यासाठी आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: फुलाच्या रंगावर आणि एकूण रूपावर वेळ घालवू नका. पानाच्या देठावर आणि त्यापुढच्या, पर्णिका (पिसासारख्या पानातली छोटी पानं) जिला लागतात त्या दांडीवर ग्रंथी, म्हणजे रस पाझरणारी बारीक गाठ, कुठे आहे ते पाहा, मग शेंग पाहा. नव्वद टक्के काम तिथेच संपतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी बी आणि परागकोष लागतात, आणि ते काम कंटाळवाणं असतं. पण खरी गंमतही तिथेच आहे.

निघण्याआधी पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सराफ वापरतात तसलं चालतं. मिलिमीटरच्या खुणा ठळक असलेली छोटी फुटपट्टी. वही आणि शिसपेन्सिल, कारण पावसात पेनाची शाई पसरते आणि घरी आल्यावर "३ जोड्या" होतं की "५ जोड्या" ते कळत नाही. एक ब्लेड, एक टाचणी. बियांसाठी कागदी पाकिटं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या शेंगा ठेवल्या तर दोन दिवसांत बुरशी धरते. नमुना दाबायचा असेल तर जुनी वर्तमानपत्रं, दोन जाड पुठ्ठे आणि सुतळी.

कागदपत्रांचं म्हणाल तर रस्त्याच्या कडेला काही लागत नाही. शेताचा बांध असेल तर मालकाला विचारा. बहुतेक जण "घ्या की, तेवढंच तण कमी" म्हणतात. राखीव वन किंवा अभयारण्य असेल तर मात्र वनविभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय काहीही तोडू नका, अगदी तण वाटणारं रोपसुद्धा. तिथे फक्त फोटो आणि मापं.

१. आधी घराणं नक्की करा

शेंगा येणाऱ्या वनस्पतींचं कुळ अवाढव्य आहे. त्यातल्या पुष्कळांची फुलं वाटाण्याच्या फुलासारखी, पंख पसरलेल्या पतंगासारखी असतात: एक मोठी पाकळी वर, दोन बाजूंना, दोन खाली जोडलेल्या. ताग, खुळखुळा, रानमूग ही त्या वाटेची मंडळी. सह्याद्रीत पावसाळ्यात खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलांची रेलचेल असते आणि लांबून गफलत होऊ शकते. फूल हातात घेतलं की प्रश्न मिटतो.

आपल्याला हव्या असलेल्या गटाच्या फुलाला पाच सुट्या पाकळ्या असतात, जवळजवळ सारख्याच आकाराच्या. पुंकेसर लहान-मोठे असतात. त्यांचे परागकोष टोकाला बारीक भोक पडून उघडतात, आणि मोठ्या काळ्या भुंगेमाश्या त्यावर बसून अंग थरथरवून पराग बाहेर काढतात. सकाळी शांतपणे उभं राहिलात तर तो घूं आवाज ऐकू येतो. पानाला पर्णिका जोडीनंच असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. एवढं जुळलं तर तुम्ही सेन्ना किंवा कॅमेक्रिस्टा या प्रजातीच्या दारात आहात.

जुन्या पुस्तकांत ही सगळी झाडं कॅसिया या एकाच नावाखाली सापडतील. आयर्विन आणि बार्नबी या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ साली अमेरिकेतल्या जातींचा आढावा घेताना कॅसियाचे तीन भाग केले: कॅसिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा. बहावा कॅसियातच राहिला, टाकळा-कासुंदा सेन्नात गेले. म्हणून एका पुस्तकात कॅसिया टोरा आणि दुसऱ्यात सेन्ना टोरा दिसलं तर गोंधळू नका, झाड एकच आहे.

२. पर्णिकांच्या जोड्या मोजा

पान झाडाच्या मधल्या भागातलं घ्या. रोपाची सगळ्यात खालची, पहिली पानं आणि शेंड्याची अर्धवट उलगडलेली पानं दोन्ही फसवतात. एकाच पानावर विसंबू नका, चार-पाच पानं मोजा.

टाकळ्याला साधारण ३ जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती, टोकाकडे रुंद आणि टोक गोलसर. एकदा डोळ्यात बसलं की चालत्या एसटीतूनही ओळखू येतं. कासुंद्याला ४ ते ५ जोड्या, कधी ६. पर्णिका मधल्या किंवा खालच्या भागात रुंद आणि टोकाला अणकुचीदार. त्याचा जवळचा नातलग सेन्ना सोफेरा, त्यालाही लोक कासुंदाच म्हणतात, त्याला ६ ते १० जोड्या आणि पर्णिका जास्त चिंचोळ्या. केसाळ टाकळा म्हणजे सेन्ना युनिफ्लोरा. 'केसाळ टाकळा' हे नाव मी कामापुरतं वापरतोय. त्याला ३ ते ५ जोड्या असतात. खोडावर, देठावर, पानांच्या पाठीवर तपकिरी केस असतात आणि बोट फिरवलं तरी ते जाणवतात.

तरवड वेगळा काढायला सोपा. तो झुडूप आहे, कोरड्या माळावर वाढतो, त्याला ८ ते १२ जोड्या असतात आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखं रुंद, हिरवं उपपर्ण असतं. फुलंही मोठी आणि भडक पिवळी. तेलंगणात याच फुलाला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे.

जोड्यांवर निकाल लावायचा मोह होतो, पण केसाळ टाकळ्याचं तीन जोड्यांचं पान आणि टाकळ्याचं पान शेजारी ठेवलं तर फक्त मोजून काही सिद्ध होत नाही. म्हणून पुढची पायरी.

३. ग्रंथी शोधा

ही पायरी सावकाश करा. पान तोडून त्याची वरची बाजू तुमच्याकडे करा. खोडाला चिकटलेल्या फुगीर सांध्यापासून सुरुवात करून देठावरून वर या, मग पहिल्या जोडीपाशी थांबा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. भिंग डोळ्याला टेकवून पान जवळ आणा. भिंग पानाजवळ धरून डोकं वाकवत बसलात तर मान दुखेल आणि दिसणार काही नाही.

कुठेतरी तुम्हाला एक बारीक, उभी किंवा घुमटासारखी गाठ दिसेल. तीच ग्रंथी. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिच्याभोवती घुटमळतात. पावसाची उघडीप असेल तर भिंगाशिवायही मुंगी कुठे थांबते त्यावरून जागा सापडते.

आता जागा पाहा, कारण सगळा निकाल जागेवर आहे.

कासुंद्याला ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, सांध्याच्या किंचित वर असते. एकच, बसकी, घुमटासारखी, बहुधा गडद रंगाची. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये काहीच नसतं. सेन्ना सोफेरालाही ती देठाच्या बुडाकडेच असते, पण उंच, शंकूसारखी किंवा मुसळासारखी.

टाकळ्याच्या देठावर ग्रंथी नसते. ती जोड्यांच्या मध्ये, दांडीवर असते: सगळ्यात खालच्या जोडीत एक आणि दुसऱ्या जोडीत एक. बारीक, उभी, चातीसारखी, सुमारे २ मिलिमीटर उंच. वरच्या, तिसऱ्या जोडीत नसते.

केसाळ टाकळ्यालाही ग्रंथी जोड्यांमध्येच असतात, पण वरची जोडी सोडून खालच्या बहुतेक सगळ्या जोड्यांमध्ये, आणि त्या देठ असलेल्या, लांबट असतात. तरवडाला तर प्रत्येक जोडीत एक.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे सुकलेली ग्रंथी. पानं म्हातारी झाली की ती काळी पडते, कधी गळून जाते आणि जागेवर नुसता डाग राहतो. डाग मोजायचा असतो हे नवख्याला सुचत नाही. दुसरा सापळा असा की पानावर कुठल्याशा किड्यानं अंडी घातलेली असतात आणि ती ग्रंथीसारखी दिसतात. पिवळी एमिग्रंट फुलपाखरं या झाडांवर अंडी घालतात. उभं, पांढरट, दाण्यासारखं काही पर्णिकेच्या पात्यावर दिसलं तर ती ग्रंथी नव्हे. ग्रंथी पात्यावर नसते, दांडीवर किंवा देठावर असते.

४. शेंग पाहा

सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत शेंगा असतात, तेव्हा ओळख सगळ्यात सोपी.

टाकळ्याची शेंग लांब आणि बारीक: १० ते २० सेंटिमीटर लांब, जाडी जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, चौकोनी काठांची आणि विळ्यासारखी थोडी वाकलेली. कासुंद्याची ८ ते १२ सेंटिमीटर, पण चपटी आणि जवळजवळ १ सेंटिमीटर रुंद. पिकताना मधला भाग तपकिरी होतो आणि दोन्ही काठ फिकट राहतात. ही दुरंगी पट्टी एकदा पाहिली की विसरत नाही. सेन्ना सोफेराची शेंग फुगीर, दंडगोलाकडे झुकणारी, आणि आत बिया आडव्या रचलेल्या.

केसाळ टाकळ्याची शेंग आखूड, ३ ते ५ सेंटिमीटर, सरळ, गुच्छानं वर उभी राहिलेली आणि प्रत्येक बीपाशी आवळलेली. टाकळ्याशी हिचा गोंधळ होण्याचं काही कारणच नाही, तरी होतो, कारण लोक पान पाहतात आणि शेंगेकडे वळत नाहीत. ही जात उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ती बेफाम पसरली आहे आणि काही ठिकाणी गाजरगवतालाही मागे सारते. म्हणून तिच्याविषयी बरं बोलणारेही भेटतात. माझं मत विचाराल तर एका परदेशी तणाच्या जागी दुसरं आलं, एवढंच.

५. टाकळा दोन आहेत, हे लक्षात ठेवा

इथे खरी परीक्षा. सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया या दोन जाती इतक्या सारख्या आहेत की कित्येक वर्षं पुष्कळ अभ्यासकांनी त्यांना एकच मानलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं मात्र १७५३ मध्येच दोन्हींना वेगळी नावं दिली होती. त्यामुळे जुन्या नोंदीत नुसतं "टोरा" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दोहोंपैकी कुठलीही जात असू शकतो. भारतात दोन्ही आढळतात, आणि ऑब्ट्युसिफोलियाचं मूळ अमेरिकेत असल्याचं मानतात.

पाहायच्या गोष्टी चार. त्या याच क्रमानं पाहा, सोप्याकडून अवघडाकडे.

ग्रंथी: टोराला खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक, ऑब्ट्युसिफोलियाला सहसा फक्त सगळ्यात खालच्या जोडीत एक. "सहसा" हा शब्द गांभीर्यानं घ्या. एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची पानं मिळतात, म्हणून अनेक पानं तपासा आणि बहुमत कोणीकडे आहे ते लिहा. टोराची वरची ग्रंथी गळून गेली तर तो ऑब्ट्युसिफोलिया दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

शेंगेचा देठ: टोराचा आखूड, साधारण १ सेंटिमीटरपर्यंत. ऑब्ट्युसिफोलियाचा लांब, दीड सेंटिमीटरच्या पुढे. माप पिकलेल्या शेंगेचंच घ्या. फुलाचा देठ नंतर वाढतो, म्हणून फुलावर घेतलेलं माप कामाचं नाही.

बी: माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे. टाकळ्याचं बी चकचकीत तपकिरी, तिरक्या चौकोनाच्या आकाराचं, साधारण ५ मिलिमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना एक फिकट, मंद पट्टा असतो. टोराच्या बीवर हा पट्टा रुंद, दीड ते दोन मिलिमीटर. ऑब्ट्युसिफोलियाच्या बीवर तो जेमतेम रेघेएवढा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. बी पांढऱ्या कागदावर ठेवा, खिडकीतला तिरपा उजेड पडू द्या, मग भिंग लावा. थेट डोक्यावरचा दिवा असेल तर बी चमकतं आणि पट्टा दिसेनासा होतो. कच्च्या, हिरवट बियांवर पट्टा नीट उमटलेला नसतो. शेंग वाळून तडकायला आलेली असावी.

परागकोष: फुलात सात पुंकेसर कामाचे असतात, त्यातले खालचे तीन मोठे. टोराच्या मोठ्या परागकोषाचं टोक नुसतं गोलसर असतं. ऑब्ट्युसिफोलियात टोकाखाली परागकोष आवळतो आणि बाटलीची मान असते तसं दिसतं. फूल सकाळी ताजं असतानाच पाहा. दुपारी ते मलूल होतं, परागकोष सुकतात आणि प्रत्येकालाच मान असल्याचा भास होतो.

चारपैकी तीन गोष्टी एका बाजूला पडल्या तर नाव लिहा. दोन-दोन पडल्या तर "टोरा गट" असं लिहून मोकळे व्हा. त्यात कमीपणा काही नाही.

६. कासुंद्याची ओळख चुकवू नका

बाकीच्या चुका वहीत राहतात, ही ताटात जाऊ शकते. टाकळ्याची कोवळी पानं जून-जुलैत सगळीकडे खातात. कांदा-लसणाच्या फोडणीवर परतलेली, कोकणात आणि गोव्यात फणसाच्या आठळ्या घालून केलेली. सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस म्हणजे कासुंदा हे वेगळं प्रकरण आहे. त्याच्या बिया विषारी असतात.

पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक आजारी पडून काही तासांत किंवा दिवसांत दगावत. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर एकदम घाला. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं की ही मुलं खेळता खेळता कासुंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलांचे मृत्यू झाले, तेव्हाही तज्ज्ञांनी याच झाडाकडे बोट दाखवलं. तिथे त्याला बडा चाकुंडा म्हणतात.

उद्योगातही याची धास्ती आहे. टोरा आणि ऑब्ट्युसिफोलियाच्या बियांपासून कॅसिया गम नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ बनतो. युरोपच्या नियमानुसार त्या बियांत ऑक्सिडेंटॅलिसची भेसळ ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी असावी लागते. बिया एकमेकांत मिसळल्या तरी वेगळ्या काढता येतात: टाकळ्याचं बी तिरपं चौकोनी आणि चकचकीत, कासुंद्याचं गोलसर, चपटं, मंद हिरवट-तपकिरी.

म्हणून भाजीसाठी खुडताना नियम सोपे ठेवा. ३ जोड्या, गोल टोक, देठाच्या बुडाशी ग्रंथी नाही, जोड्यांमध्ये ग्रंथी आहे: हे सगळं जुळलं तरच पिशवीत. टोकदार पर्णिका दिसली की सोडून द्या. काही भागांत लोक कासुंद्याचीही कोवळी पानं शिजवून खातात, आणि त्यांच्या आज्या-पणज्यांना ती पारख होती. पारख नसलेल्यानं त्यांची नक्कल करू नये. बिया कुठल्याच भावंडाच्या चघळू नयेत, मुलांना तर शेंगांशी खेळूही देऊ नये. गुरांच्या चाऱ्यातही शेंगा जाऊ देऊ नका; कासुंदा आणि ऑब्ट्युसिफोलिया दोन्हींच्या बियांनी गुरांचे स्नायू निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. आणि मोबाइलमधल्या ओळखीच्या ॲपवर विसंबून काहीही चुलीवर चढवू नका. ॲपला फोटोत फूल आणि पान दिसतं, देठाच्या बुडाशी असलेली गाठ दिसत नाही.

७. रोप उपटून मूळ पाहा

तण आहे, एखादं उपटायला हरकत नाही. माती झटका, मुळं पाण्यात हलकेच धुवा. सेन्नाच्या मुळांवर हवेतला नत्र बांधणाऱ्या गाठी नसतात. शेंगवर्गीय म्हटलं की गाठी असणारच असं आपण शाळेत शिकलो, आणि इथे ते लागू पडत नाही. याउलट कॅमेक्रिस्टाच्या मुळांवर गाठी असतात.

कॅमेक्रिस्टा ॲबसस म्हणजे चिमड, हा याच माळावरचा छोटा रहिवासी. त्याला २ जोड्या पर्णिका आणि अंगभर चिकट केस. बोटाला गोंद लागल्यासारखं वाटतं. शेंग आखूड, चपटी, राठ केसांची आणि बिया काळ्या चकचकीत. दुसरी कॅमेक्रिस्टा मंडळी लाजाळूसारख्या बारीक पर्णिकांची असतात आणि त्यांना टाकळा कोणी म्हणणार नाही. पण चिमडाचं लहान रोप पाहून "टाकळ्याची दुसरी जात" म्हणणारे भेटतात. मूळ पाहिलं की वाद मिटतो.

८. स्थानिक नावांवर नोंद करू नका

तरवटा आणि तरवड ही नावं ऐकायला इतकी जवळ आहेत की फोनवर विचारलेल्या ओळखीत हमखास घोळ होतो. कासुंदा आणि कासविंदा दोन जातींना सरसकट वापरतात. वैद्यांकडची नावंही अशीच: चक्रमर्द म्हणजे टाकळा, कासमर्द म्हणजे कासुंदा. बाजारात बिया मागताना शब्द अर्धवट ऐकला गेला तर हातात काय पडेल सांगता येत नाही. गावात सांगितलेलं नाव वहीत जरूर लिहा, गावाच्या नावासकट लिहा, पण त्याच्यापुढे तुम्ही पाहिलेली लक्षणं लिहा. नावापेक्षा ती जास्त टिकतात.

९. फोटो आणि नमुना

एका झाडाचे किमान पाच फोटो: पूर्ण झाड, मधल्या भागातलं एक पान सपाट पसरून वरून, देठाचं बूड जवळून, खालच्या दोन जोड्यांमधली जागा जवळून, शेंग देठासकट फुटपट्टी शेजारी ठेवून. नुसत्या फुलाचा फोटो कितीही देखणा आला तरी ओळखणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. संध्याकाळी उशिरा फोटो काढू नका. ही झाडं अंधार पडायला लागला की पर्णिका मिटून घेतात आणि पानाचा आकार कळत नाही.

नमुना दाबायचा तर फांदी फूल आणि शेंग दोन्ही असलेली घ्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकाच फांदीवर दोन्ही मिळतात. वर्तमानपत्राच्या घडीत पसरताना एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे पाठीवरचे केस दिसतील. पहिला आठवडाभर कागद रोज बदला. पावसाळी हवेत दोन दिवस विसरलात तर पान काळं पडतं आणि पर्णिका गळून नुसती दांडी उरते. सुट्या झालेल्या बिया पाकिटात घालून त्याच कागदाला जोडा.

लेबलवर काय लिहायचं त्याचा नमुना:

"शेताचा बांध, काळी जमीन, ऊसाच्या कडेला. झाड सुमारे ७० सेंमी. पर्णिका ३ जोड्या, टोक गोल. ग्रंथी खालच्या दोन जोड्यांत, देठावर नाही. पिकलेल्या शेंगेचा देठ ८ मिमी. बीवरचा पट्टा रुंद, दीड मिमीच्या आसपास. फुलं पिवळी, पानाच्या बेचक्यात जोडीनं. स्थानिक नाव टाकळा. तारीख, गाव, तालुका."

ताडून पाहायचं असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवून दाबलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा आणि कोणती जात पाहायची ते लिहा. तिथल्या जुन्या कागदांवर कॅसियाच्या नावानं शोधावं लागेल. टोराच्या नमुन्यांचे जुने कागद काढून मिळाले तर नावावर न जाता पाकिटातल्या बिया पाहायची परवानगी मागा. रुंद पट्टा आणि रेघ असे दोन्ही प्रकार एकाच नावाच्या फाइलीत निघू शकतात.

पावसाळ्यात नुसती पानंच मिळाली आणि दोन टाकळ्यांमधला निकाल लागला नाही, तर जागा वहीत नीट खुणावून ठेवा आणि ऑक्टोबरच्या अखेरीला शेंगांसाठी परत या. रस्त्याकडेची झाडं त्याआधी सार्वजनिक बांधकामवाले कापतात, म्हणून खूण शक्यतो बांधावरच्या झाडाला करा.